गोड्या पाण्याची दोन पिंपं

१ ऑगस्ट. काम एकच: ट्रकला कुणालाही सेल मारू द्यायचा नाही.

अलिबागहून सकाळची पहिली एसटी धरली आणि घरी रोह्याजवळ वरशाला न जाता मी सरळ खांब गावच्या नाक्यावर उतरले. नणंदेच्या लेकीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर मी अलिबागला होते. त्यातले शेवटचे दोन दिवस तर रस्ते बंद म्हणून अडकले. त्याच दोन दिवसांत आमचा ट्रक पाण्यात गेला. धाकट्या दिराचा फोन आला. ट्रक तेच चालवतात. म्हणाले, रोह्याला गोदामापाशी गाडी उभी होती, कुंडलिका चढली, बॉनेटपर्यंत पाणी आलं, आता ओढून खांबला मिस्त्रींकडे आणलीय. मी एवढंच विचारलं, "सेल मारला का?"

"नाय वो वैनी."

"मारू नका. कुणी कितीही सांगितलं तरी मारू नका."

इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवून सेल मारला की पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतला रॉड वाकतो आणि इंजिन भंगारात. हे मला माहीत होतं, कारण ट्रकचं सगळं मीच बघते. नवरा डोलवीला कंपनीत आहे. शिफ्ट संपवून घरी आला की त्याला जेवण आणि झोप यापलीकडे काही सुचत नाही. भावजी गाडी चालवतात. टायर, तेल, कागद, मिस्त्री, भाडं ठरवणं हे माझ्याकडे.

आणि ३ तारखेला सकाळी दहा वाजता पेणला मूर्ती भरायच्या होत्या. गणपतीला अजून अवकाश होता, पण लांबच्या व्यापाऱ्यांचा माल आधी निघतो. त्या कारखान्याची पहिली फेरी दरवर्षी आमचीच असते. भावजी मूर्ती भरलेली गाडी अशी नेतात की एकाही गणपतीचा कान दुखावत नाही. कारखानदार बाईंना मी एसटीतूनच फोन केला होता. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "परवा दहाला गाडी दारात दिसली तर तुमची. नाय दिसली तर मी दुसरी सांगते. आणि एकदा दुसरी लावली की पुढल्या वर्षी तोच पहिला येतो, हे तुम्हाला पण माहिताय." मला माहीत होतं. आम्हीही दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाची तरी गाडी बुडाली म्हणूनच तिथे शिरलो होतो.

मिस्त्रींच्या शेडमध्ये ट्रक तोंड खाली घालून उभा होता. म्हणजे बॉनेट उघडं होतं आणि मिस्त्री कमरेपर्यंत आत होते. भावजी टायरच्या ढिगावर बसलेले. मला बघून उठले, पण जवळ आले नाहीत. शेजारचा टायरवाला चहाचा कप घेऊन सल्ला द्यायला उभा होता.

"ओ ताई, एक सेल मारून बघा. माझ्या भाच्याची गाडी अशीच पाण्यात होती, एका सेलला सुरू झाली."

"भाच्याची गाडी आता कुठे आहे?"

"विकली."

"का?"

तो चहा प्यायला लागला. मिस्त्री आतूनच हसले. साठीचा माणूस, आमच्या गाडीचं जन्मापासूनचं दुखणंखुपणं त्यांना पाठ. बाहेर येऊन त्यांनी कमरेच्या दोरीला बांधलेली किल्ली मला दाखवली.

"कालपासून हितं हाय. झोपताना पण सोडली नाय. ह्या टायरवाल्याचा भरवसा नाय."

मग त्यांनी ऑइलची पट्टी काढून दाखवली. पट्टीवर काळं तेल असायला हवं होतं. तिथे जास्त दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी होतं. म्हणजे पाणी खालपर्यंत गेलं होतं.

"आता काय?"

"आता वाळवायचं. नदीचं पाणी हाय, त्याची काय एवढी चिंता नाय. ऑइलचं चेंबर खाली करू, सगळं उघडं ठेवू, दोन दिस बल्ब लावू. मंग बघू."

"दोन दिवस नाहीत माझ्याकडे."

"पाण्याला सांगा ताई. माझ्याकडं तक्रार करून काय होणार?"

मिस्त्री जेवायला घरात गेले. शेड आणि घर एकच, मध्ये एक पत्रा. मला बसवेना. मी शेड झाडली. एका डब्यात मिसळलेले नटबोल्ट मापाने वेगळे केले. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. भावजींना दोनदा विचारलं, जेवलात का. दोन्ही वेळा ते "व्हय" म्हणाले आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघायला लागले. मग मी ट्रकभोवती फेऱ्या घालायला लागले. तिसऱ्या फेरीला पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले.

चाकाच्या वरच्या खोबणीत चिखल बसला होता. तो सुकत आला होता. कुंडलिकेचा गाळ मी बावीस वर्षं बघतेय. तांबूस, सुकला की पापुद्रे सुटतात. हा काळा होता आणि सुकल्या कडेला पांढरी झाक आली होती. मी नखाने खरवडून थोडासा जिभेवर ठेवला.

मी खाडीकाठची आहे. पेणच्या बाजूला, जिथे शेतं बांधाच्या आड असतात आणि बांधाच्या पलीकडे खाडी. माझ्या माहेरी पाण्याची चव घेतल्याशिवाय कुणी घागर भरत नाही. आजचं पाणी कालच्यासारखंच असेल असं तिथे कुणी धरून चालत नाही.

"भावजी, इकडे या."

आले.

"इथे बोट लावा आणि चाटा."

"चिखल चाटू?"

"मी चाटलाय. जिवंत आहे."

त्यांनी चाटला.

"कसा लागतो?"

"चिखलासारखा."

"पुन्हा चाटा."

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत बाहेर आले. आम्हा दोघांना चाकापाशी बोटं चाटताना बघून क्षणभर थांबले, मग त्यांनीही बोट लावलं आणि लगेच थुंकले.

"आयला, खारट हाय! कुंडलिकेत मीठ कवापासनं घालायला लागले?"

भावजी पुन्हा टायरच्या ढिगावर जाऊन बसले. मी उभीच राहिले. टायरवाल्याला मिस्त्रींनी हाताने वाटेला लावलं.

मग सगळं निघालं. गाडी रोह्याच्या गोदामापाशी नव्हतीच. ती माझ्या माहेरी होती.

पौर्णिमेच्या उधाणाने गावाचा बांध फुटला होता आणि वरून पाऊस. माझ्या भावजयीने फोन केला, मला नाही, माझ्या दिराला. माझं आणि भावाचं चार वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला आणि तेराव्याला मी त्यावरून बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं. त्यानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नाही आणि आमचा ट्रकही तिकडे जाणार नाही असं घरात सांगून ठेवलं होतं. भावजींनी ते ऐकून घेतलं होतं आणि पहाटे गाडी काढून गेले होते.

"दोन खेपा केल्या," ते म्हणाले. "तुमची आई, तुमची भावजय, पोरं, शेजारची म्हातारी माणसं, चार बकऱ्या. समदी वरच्या शाळेत नेऊन सोडली. तुमच्या आईनी शिलाई मशीन पण चढवायला लावली. मी म्हणलं, अवो आधी तुमी चढा. त्या म्हणल्या, मशीन चढल्याशिवाय मी चढत नाय."

ही माझी आईच. दुसरं कोण?

"मग गाडी कशी बुडाली?"

"पाणी उतरलं होतं वैनी. पार उतरलं. रस्ता दिसत होता. मी म्हणलं, उतरला पूर. गाडी खालच्या वळणावर लावली, वर शाळेत गेलो आणि व्हरांड्यात जरा आडवा झालो. रात्रभर डोळा लागला नव्हता. उठलो तं दुपारचा एक वाजलेला आणि पाणी बॉनेटला."

मिस्त्रींना काही कळलं नाही. मला सगळं कळलं. रोह्याचा माणूस. त्यांच्या गावात पूर उतरला की उतरला. माणसं घरं धुवायला लागतात. खाडीला पूर उतरत नाही, ओहोटी लागते. सहा तासांनी पाणी परत येतं, आणि बांध फुटलेला असला की कालच्यापेक्षा आत येतं. आमच्याकडची शाळेत न जाणारी पोरगी पण पाणी गेलेलं बघून आधी विचारते, भरती किती वाजता.

"कुणाला विचारलं नाहीत?"

"काय विचारणार? डोळ्यांनी दिसत होतं, पाणी नाय."

"आणि मला खोटं का सांगितलंत?"

"तुमी तिकडं जायचं नाय म्हणला होता." मग म्हणाले, "आणि बावीस वर्षं गाडी चालवतोय, भरती कळली नाय, हे कुठल्या तोंडानी सांगू? तुमच्या आई पण म्हणल्या, तिला नको सांगू. ती आधी गाडीचं विचारील."

आईचा अंदाज बरोबर होता. मी विचारलं, "सेल मारला का? आता खरं सांगा."

भावजींनी मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकदा. पाणी उतरल्यावर. घाबरलो होतो वैनी. टक् झालं नुसतं. फिरलं नाय."

रॉड वाकला असेल तर इंजिन गेलं होतं, फेरी गेली होती, पुढल्या वर्षीचीही गेली होती. मला ओरडायचं होतं. पण ओरडायला लागणारा वेळ पण माझ्याकडे नव्हता, कारण खारं पाणी म्हटल्यावर सगळं उलटं झालं होतं. नदीचं पाणी असेल तर वाळवायचं. खारं पाणी वाळू द्यायचं नाही. वाळलं की मीठ मागे राहतं आणि ते लोखंड आणि तांबं खायला लागतं. बल्ब लावून आम्ही दोन दिवस इंजिनाला मीठ चारलं असतं.

माझ्या वडिलांचा खाडीत चालणारा मचवा होता, त्याला छोटं डिझेल इंजिन. एकदा तो भर पावसात बुडाला. वडिलांनी इंजिन काढलं, दोघांनी खांद्यावर वाहून आणलं आणि सरळ गावाच्या पिण्याच्या तळ्यात बुडवलं. बायका काठावर येऊन शिव्या घालत होत्या. वडील म्हणाले, "मिस्त्री येईपर्यंत गोड्या पाण्यातच राहील. मग तुमच्या शिव्या ऐकतो." मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. ते इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं आणि बायका त्या शिव्या पुढची कितीतरी वर्षं घालत होत्या.

"मिस्त्री, बोअरचा पाइप काढा," मी म्हटलं. "धुवायचं."

"पाण्यात बुडालेल्या गाडीवर पाणी मारायचं?"

"गोडं पाणी. आत्ता."

मिस्त्रींनी पाइप ओढून काढला. मग म्हणाले, "तुमी खाडीवाली, तुमाला म्हाईत," आणि मोटर चालू केली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघांनी तेच केलं. वायरींचा एकेक जोड उघडून धुतला. सेल्फची मोटर आणि डायनामो काढून बादलीत बुडवले, पाणी बदललं, पुन्हा बुडवले, आणि दर वेळी मी पाणी चाखून बघितलं. चौथ्या पाण्याला खारटपणा गेला. चेंबरचा बोल्ट सोडला तेव्हा आधी नुसतं पाणीच आलं, मग तो चहा, मग उरलंसुरलं तेल. मिस्त्रींनी डिझेल आत सोडणारे चारही नोझल काढले. भावजींनी फ्लायव्हीलला, इंजिनाच्या जड चाकाला, पहार लावून इंजिन हाताने फिरवलं. पहिल्या आणि तिसऱ्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि माझ्या साडीवर आली. म्हणजे आत पाणी होतं. सेल फिरला असता तर तिथेच संपलं असतं. फिरला होता की नाही हे फक्त भावजींना माहीत होतं, आणि दुपारपर्यंत ते मला गोदामाचीच गोष्ट सांगत होते.

चारही भोकांत डिझेल ओतून झाकलं आणि मी वरशाला गेले. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?" मी म्हटलं, शाळेत आहे, मशीन जवळ आहे. तो हसला आणि झोपला.

२ तारखेला सकाळी साडेसहालाच मी शेडमध्ये होते. मिस्त्री दात घासत होते.

"ताई, इंजिन तरी उठू दे."

मोजमापाला त्यांनी सायकलचा एक आरा घेतला. नोझलच्या भोकातून तो आत सोडायचा, पिस्टन पार वर आणायचा आणि भोकाच्या काठाशी आऱ्यावर खूण करायची. रॉड वाकला असेल तर तो पिस्टन बाकीच्यांएवढा वर येत नाही, आरा जास्त आत जातो. भावजी पहार फिरवत होते. पहिली खूण. दुसरी तिथेच. तिसऱ्याला आरा नखभर जास्त आत गेला.

भावजींच्या हातातली पहार थांबली.

"मी खरं सांगितलंय वैनी."

माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि विश्वास आहे असं खोटं बोलायचीही तयारी नव्हती. मिस्त्रींनी आरा काढला, पुसला, डोळ्यासमोर धरून बघितला.

"हा आराच वाकलाय," ते म्हणाले. "तिरका गेला व्हता, कडेच्या खाचेत उतरला." त्यांनी तो ऐरणीवर ठोकून सरळ केला आणि पुन्हा सोडला. खूण पहिल्या दोन खुणांवर बसली. चौथीही तिथेच बसली. मग त्यांनी चारही पुन्हा एकदा मोजली, कारण मी सांगितलं.

रॉड सरळ होते. बुडालेल्या बॅटरीत दम उरला नव्हता म्हणून सेल नुसता टक् झाला होता. शहाणपणा कुणाचाच नव्हता, बॅटरीने वाचवलं. तरी भावजी खरं बोलले होते, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हं," आणि पहार भिंतीला टेकवून तोंड धुवायला गेले.

राहिली सेल्फची मोटर. ती आतून कोरडी व्हायला हवी आणि उन्हाचा पत्ता नाही. मिस्त्रींनी ती उचलून घरात नेली. पत्र्यामागून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"हे काय ठेवताय माज्या तव्यावर?"

"गरम करायचीय गो जरा. मंद आचेवर."

"मंग दुपारच्याला हीच खा. कालवण देते संगती."

दुपारी आम्ही सगळे उशिरा जेवलो. भाकरीला जरा डिझेलचा वास होता, पण त्यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

नवं तेल, नवे फिल्टर, मिस्त्रींकडची दुसरी बॅटरी. चार वाजता त्यांनी कमरेची दोरी सोडली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती भावजींना दिली. पहिल्या सेलला इंजिन नुसतं फिरलं. दुसऱ्याला खोकलं. मिस्त्रींनी डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. तिसऱ्याला पांढरा धूर इतका आला की टायरवाला दुकान सोडून बाहेर पळाला, आणि त्या धुरात इंजिन धडधडायला लागलं. अर्धा तास आम्ही ते बंद केलं नाही. पट्टी काढून बघितली. तेल तेलासारखं होतं.

मी कारखानदार बाईंना फोन केला. "उद्या दहाला."

"बघू," त्या म्हणाल्या.

वडिलांनंतर मचवा दादाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे होता. हात धुताना मी भावजींना विचारलं, "दादाच्या मचव्याचं इंजिन?"

"ते पण बुडालं. त्यांनी लगेच काढलं. पण गोडं पाणी कुठाय? तळ्यात खाडी शिरली. प्यायला टँकर येतो. चिंध्या डिझेलमध्ये भिजवून गुंडाळून ठेवलंय, म्हणले बघू."

मी मिस्त्रींना विचारलं, रिकामी पिंपं आहेत का. दोन होती, एक झाकणाचं आणि एक बिनझाकणाचं. दोन्ही घासून घ्यायला तासभर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दोन्ही पिंपं बोअरच्या पाण्याने भरली, ट्रकच्या हौद्यात केबिनच्या पाठीला दोरीने आवळून बांधली आणि पुढे भावजींच्या शेजारी चढून बसले. ओहोटी नऊपर्यंत होती. तेवढ्यात जाऊन, पाणी उतरवून, बाहेर पडून दहाला पेणला पोचता येत होतं. वाटेत भावजींनी तीनदा विचारलं, "भरती किती वाजता?" तिन्ही वेळा मी सांगितलं.

त्यांनी गाडी शाळेच्या चढावर लावली, वळणावर नाही. आई व्हरांड्यात मशीनला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "गाडी झाली का सुरू?" भाऊ बांधाकडून येत होता, गुडघ्यापर्यंत काळा चिखल. तो हौद्यापाशी थांबला आणि दोन्ही पिंपांकडे बघायला लागला.

"पिण्याचं हाय, का इंजिनाचं?"

"झाकणाचं पिण्याचं," मी म्हटलं. "दुसरं इंजिनाचं. दोर सोड, मला दहाला पेणला पोचायचंय."

त्याने दोर सोडला.